बाटल्या धुणारा विद्यार्थी, गुणसूत्रांचा नकाशाकार : कॅल्व्हिन ब्रिजेस

स्मरणिकेसाठी चरित्र निवडताना आम्ही स्वतःला एकच प्रश्न विचारतो. वसतिगृहात राहून शिकणाऱ्या मुलामुलींना या जीवनातून काय लाभेल? तथागत बुद्ध, महात्मा जोतीराव फुले आणि बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांची चरित्रे आपल्या घराघरांत वाचली जातात. या वेळी आम्ही निवडलेले चरित्र दूर अमेरिकेतील एका वैज्ञानिकाचे आहे. कॅल्व्हिन ब्लॅकमन ब्रिजेस हे त्यांचे नाव. आनुवंशिकीच्या विद्यार्थ्यांना ते सर्वत्र परिचित आहे. बिरसीच्या पंचक्रोशीत मात्र ते क्वचितच उच्चारले गेले असेल. तरीही या माणसाचे बालपण, त्याची उशिरा सुरू झालेली शाळा आणि त्याने आयुष्यभर केलेले काम आपल्याशी किती निकटचे आहे, हे वाचकांना पुढे दिसून येईल.

ब्रिजेस यांचा जन्म ११ जानेवारी १८८९ रोजी न्यूयॉर्क राज्याच्या उत्तरेकडील शायलर फॉल्स या लहान गावी झाला. दोन वर्षांचे असताना त्यांची आई वारली आणि पुढे वर्षभरातच वडिलांचेही छत्र हरपले. या पोरक्या मुलाचा सांभाळ आजीने केला. खेड्यातील शिक्षण यथातथाच होते. वयाच्या चौदाव्या वर्षापर्यंत त्यांचे शिक्षण फारच अपुरे राहिले आणि शालान्त शिक्षण पूर्ण झाले तेव्हा ते वीस वर्षांचे होते. आज आपल्याकडे एखादा मुलगा दोन-तीन वर्षे मागे पडला, तर घरचे आणि गावचे लोक त्याच्या शिक्षणाची आशा सोडून देतात. ब्रिजेस यांनी ती सोडली नाही. प्लॅट्सबर्ग येथील शाळेतून ते इतक्या उत्तम रीतीने उत्तीर्ण झाले की दोन विद्यापीठांनी त्यांना शिष्यवृत्ती देऊ केली. त्यांपैकी न्यूयॉर्क शहरातील कोलंबिया विद्यापीठ त्यांनी निवडले. हे वर्ष १९०९.

कोलंबियात प्राणिशास्त्राचे प्राध्यापक थॉमस हंट मॉर्गन यांनी त्या वर्षी प्रारंभीच्या विद्यार्थ्यांचा वर्ग घेतला. एरवी ते हा वर्ग घेत नसत. त्या वर्गात ब्रिजेस होते आणि आल्फ्रेड स्टर्टेव्हंट नावाचा आणखी एक विद्यार्थी होता. पुढे हे दोघेही मॉर्गन यांचे आयुष्यभराचे सहकारी झाले. ब्रिजेस यांना पोटापाण्यासाठी काम हवे होते. मॉर्गन यांनी त्यांना प्रयोगशाळेतील बाटल्या धुण्याचे काम दिले. त्या दुधाच्या बाटल्या होत्या आणि त्यांत दूध नव्हे तर माश्या वाढविल्या जात.

या माश्या म्हणजे आपल्या ओळखीचीच चिलटे. केळीचा घड जास्त पिकला, की त्यावर ती घोंघावू लागतात. शास्त्रात त्यांना ड्रोसोफिला अथवा फळमाशी म्हणतात. हत्ती, घोडा, गाय सोडून शास्त्रज्ञांनी हा क्षुद्र जीव का निवडला असावा? कारण साधे आहे. फळमाशीची एक पिढी दहा-बारा दिवसांत पूर्ण होते, एक मादी शेकडो अंडी घालते, खर्च जवळजवळ काहीच नाही आणि तिच्या पेशीत गुणसूत्रांच्या केवळ चार जोड्या असतात. माणसाच्या पाच पिढ्यांचा अभ्यास करण्यास शंभर-सव्वाशे वर्षे लागतील. चिलटांच्या पाच पिढ्या दोन महिन्यांत हाती येतात.

१९१० साली मॉर्गन यांना तांबड्या डोळ्यांच्या माश्यांत एक पांढऱ्या डोळ्यांचा नर सापडला होता. बाटल्या धुणाऱ्या ब्रिजेस यांना लवकरच आणखी एक गोष्ट दिसली. जाड काचेच्या बाटलीतून, कोणत्याही भिंगाविना, त्यांनी एका माशीच्या डोळ्यांचा रंग इतरांहून वेगळा, शेंदरी असल्याचे हेरले. धुण्यासाठी आलेल्या बाटलीकडे इतक्या बारकाईने पाहण्याची गरज नव्हती. परंतु हातातील काम हलके असले तरी ते डोळे उघडे ठेवून करण्याची सवय त्यांना होती. मॉर्गन यांनी ही नजर ओळखली आणि बाटल्या धुणाऱ्या मुलाला प्रयोगाच्या टेबलाशी जागा मिळाली. ती खोली साधारण सोळा फूट रुंद आणि तेवीस फूट लांब होती. आठ टेबले तिच्यात दाटीने मांडलेली असत आणि पिकलेल्या केळ्यांचा वास भरलेला असे. माश्यांची खोली या नावाने ती विज्ञानाच्या इतिहासात अमर झाली.

त्या काळी मोठा प्रश्न असा होता की आईवडिलांचे गुण अपत्यात उतरतात ते कशाच्या द्वारे? पेशीतील गुणसूत्रे हीच त्यांची वाहक असावीत, असा तर्क होता; पण तर्क म्हणजे पुरावा नव्हे. तो पुरावा ब्रिजेस यांनी दिला, आणि तो दिला अपवादांच्या आधारे. पांढऱ्या डोळ्यांची मादी आणि तांबड्या डोळ्यांचा नर यांच्या संततीत सर्व माद्या तांबड्या डोळ्यांच्या आणि सर्व नर पांढऱ्या डोळ्यांचे निघतात, कारण नराला एक्स गुणसूत्र केवळ आईकडून मिळते. असे असताना हजारो माश्यांत एखादी मादी पांढऱ्या डोळ्यांची निघे आणि एखादा नर तांबड्या डोळ्यांचा. कोणीही म्हटले असते की बाटल्यांची सरमिसळ झाली असेल, ही माशी बाजूला टाका. ब्रिजेस यांनी ती बाजूला टाकली नाही. त्यांनी असे अनुमान केले की या प्रसंगी आईची दोन एक्स गुणसूत्रे अंडे तयार होताना एकमेकांपासून विलग झालीच नसावीत. तसे असेल तर अपवादात्मक मादीच्या पेशीत दोन एक्स आणि त्यांच्या जोडीला वडिलांकडून आलेले एक वाय, अशी तीन गुणसूत्रे दिसली पाहिजेत. त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले आणि अगदी तसेच दिसले. डोळ्यांचा रंग चुकला तेथे गुणसूत्रही चुकले होते. गुण आणि गुणसूत्र यांचे नाते आता डोळ्यांनी पाहता येत होते. हा प्रबंध १९१६ साली जेनेटिक्स या नव्या नियतकालिकाच्या पहिल्याच अंकात प्रसिद्ध झाला आणि त्याच वर्षी ब्रिजेस यांना डॉक्टरेट मिळाली.

येथे आम्हांला एका योगायोगाकडे वाचकांचे लक्ष वेधावयाचे आहे. १९१३ ते १९१६ या काळात बडोदानरेश सयाजीराव गायकवाड यांच्या शिष्यवृत्तीवर आलेले एक तरुण भारतीय विद्यार्थी याच कोलंबिया विद्यापीठात दिवसाचे अनेक तास ग्रंथालयात घालवीत होते. ते होते भीमराव रामजी आंबेडकर. या दोघांची भेट झाली असे आम्ही म्हणत नाही. परंतु एकाच विद्यापीठात, एकाच वर्षी, वारशाच्या प्रश्नाची दोन उत्तरे सिद्ध होत होती. मे १९१६ मध्ये बाबासाहेबांनी मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात भारतातील जातींविषयीचा आपला निबंध वाचला. जात ही निसर्गाने दिलेली वस्तू नसून स्वजातीतच विवाह करण्याच्या बंधनातून समाजाने घडविलेली व्यवस्था आहे, असे त्यांनी त्यात दाखविले. त्याच वर्षी ब्रिजेस यांनी निसर्ग खरोखर काय वाहून नेतो हे दाखविले. डोळ्यांचा रंग गुणसूत्रावरून येतो. उच्चनीचता कोणत्याही गुणसूत्रावरून येत नाही, ती माणसांनी केलेल्या नियमांतून येते. शिष्यवृत्तीच्या आधाराने शिकलेल्या दोन तरुणांचे हे काम शेजारी शेजारी ठेवून पाहावे, असे आम्हांला वाटते.

ब्रिजेस यांचा पुढचा प्रवासही असाच शांत चिकाटीचा आहे. १९१५ साली मॉर्गन, स्टर्टेव्हंट आणि म्यूलर यांच्यासह त्यांनी लिहिलेला मेंडेलच्या आनुवंशिकतेच्या यंत्रणेविषयीचा ग्रंथ या शास्त्राचा पाया ठरला. गुणसूत्राचा तुकडा गळणे, तुकडा दुप्पट होणे, एका गुणसूत्राचा तुकडा दुसऱ्याला जोडला जाणे, हे सर्व प्रकार त्यांनी माश्यांच्या संततीवरून ओळखले. नर की मादी हे फळमाशीत केवळ वाय गुणसूत्राच्या असण्या-नसण्यावर अवलंबून नसून, एक्स गुणसूत्रे आणि उर्वरित गुणसूत्रे यांच्या प्रमाणावर अवलंबून असते, हेही त्यांनीच दाखविले. प्रयोगशाळेच्या सोयींतही त्यांचा हात होता. साध्या भिंगाऐवजी दोन्ही डोळ्यांनी पाहण्याचा सूक्ष्मदर्शक त्यांनी वापरात आणला आणि माश्यांसाठी केळीऐवजी मका व काकवीचे खाद्य सिद्ध केले. कष्टाने निपजविलेले माश्यांचे वाण मागेल त्याला पाठविण्याची त्या खोलीची रीत होती. १९३४ साली मिलिस्लाव्ह डेमेरेक यांच्यासह त्यांनी फळमाशीच्या संशोधकांसाठी एक माहितीपत्रिका सुरू केली. ज्ञान हे वाटल्याने वाढते, ही भावना तिच्यामागे होती.

इतके असूनही प्राध्यापकपद त्यांना कधी लाभले नाही. कार्नेगी संस्थेच्या वेतनावर संशोधक म्हणूनच त्यांनी आयुष्य काढले. त्यांचा संसार टिकला नाही आणि त्यांच्या खासगी आयुष्यावर त्या काळी टीकाही झाली. थोर माणसाच्या जीवनातील सर्वच गोष्टी अनुकरणीय असतात असे नाही, आणि तसे भासविणे हे सत्याला धरून होणार नाही. १९२८ साली मॉर्गन यांच्याबरोबर ते कॅलिफोर्नियातील पासाडेना येथे गेले. १९३३ साली मॉर्गन यांना नोबेल पारितोषिक मिळाले, तेव्हा त्यांनी त्या रकमेचा वाटा आपल्या मुलांबरोबरच ब्रिजेस आणि स्टर्टेव्हंट यांच्याही मुलांना दिला. काम सर्वांचे होते, हे गुरूने आपल्या कृतीने मान्य केले.

त्याच सुमारास ब्रिजेस यांच्या आयुष्यातील सर्वांत मोठे काम सुरू झाले. फळमाशीच्या अळीच्या लाळग्रंथीत गुणसूत्रे विलक्षण मोठी असतात. पेशी न विभागता गुणसूत्राच्या प्रती पुन्हा पुन्हा होत राहतात आणि हजारेक प्रती एकमेकींना बिलगून जाड दोरासारख्या दिसतात. त्या दोरावर गडद आणि फिकट पट्टे आडवे ओढल्यासारखे उमटलेले असतात. टेकडीवरून आपल्या धानाच्या शिवाराकडे पाहावे, म्हणजे बांध्या आणि त्यांच्यामधील धुरे जसे दिसतात, तसेच हे दृश्य असते. प्रत्येक बांधीचा आकार वेगळा, पण जागा ठरलेली. १९३५ साली ब्रिजेस यांनी या शिवाराचा नकाशा प्रसिद्ध केला. पटवाऱ्याने गट पाडावेत तसे त्यांनी सर्व गुणसूत्रांचे १०२ विभाग पाडले, प्रत्येक विभागाचे सहा पोटविभाग केले आणि पट्ट्यांना क्रमांक दिले. पुढे त्यांनी व त्यांचे पुत्र फिलिप यांनी सुधारलेल्या नकाशांत सुमारे पाच हजार पट्टे मोजले गेले. १९३६ साली त्यांनी याच पद्धतीने दाखविले की माशीचा डोळा अरुंद करणारा एक दोष गुणसूत्राचा लहानसा तुकडा दुप्पट झाल्याने उद्भवतो. त्याच वर्षी अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने त्यांना सदस्यत्व दिले. २७ डिसेंबर १९३८ रोजी हृदयाच्या विकाराने त्यांचे निधन झाले. त्या वेळी ते केवळ एकोणपन्नास वर्षांचे होते. त्यांचा नकाशा आजही वापरात आहे.

ब्रिजेस यांनी पट्टे मोजले, पण ते पट्टे कशाचे बनलेले आहेत हे कळण्याआधीच ते गेले. गुणसूत्रांतील वारसाद्रव्य म्हणजे डीएनए, आणि डीएनएची लिपी चार बेसची आहे, हे पुढे उमगले. ॲडेनीन, थायमीन, ग्वानीन आणि सायटोसीन अशी त्यांची नावे असून त्यांना थोडक्यात ए, टी, जी, सी म्हणतात. ए ची जोडी टी शी दोन हायड्रोजन बंधांनी, तर जी ची जोडी सी शी तीन बंधांनी जुळते. फळमाशीच्या डीएनएत अशा सुमारे १८ कोटी जोड्या आहेत. त्यांतील बहुतांश जनुकीय भागाची लिपी २००० साली प्रसिद्ध झाली. या माशीत जी आणि सी यांचे एकत्रित प्रमाण सरासरी ४२ टक्के आहे. परंतु ते सर्वत्र सारखे नाही. जनुकांतील प्रथिनांचा आदेश देणारे भाग जी-सी ने अधिक संपन्न आहेत, तर जनुकांमधील मोकळी जागा ए-टी कडे झुकलेली आहे. ठिपक्याएवढे दिसणारे जे चौथे गुणसूत्र, त्यात जी-सी चे प्रमाण केवळ ३५ टक्क्यांच्या आसपास उतरते. त्यात जनुकांच्या मधोमध पुनरावृत्त डीएनएची दाटी आहे.

ब्रिजेस यांच्या नकाशात सर्व गुणसूत्रे जेथे एकत्र गुंततात तो मधला गोळा जवळजवळ रिकामाच राहिला होता. यात त्यांचा दोष नव्हता. पेशींच्या डीएनएचा साधारण तिसरा हिस्सा असलेला हा घट्ट गुंडाळलेला भाग लाळग्रंथीत इतर भागांप्रमाणे वाढतच नाही, म्हणून तेथे पट्टे दिसत नाहीत. १९७० च्या सुमारास तो कशाचा बनलेला आहे हे समजले. सीझियम क्लोराइडच्या द्रावणात डीएनए अतिवेगाने फिरविला, की बेसच्या प्रमाणानुसार त्याचे थर वेगळे होतात. ए-टी चा भरणा असलेला डीएनए हलका म्हणून वरच्या थरात राहतो. अशा वेगळ्या थरात एकच लहान शब्द लाखो वेळा गिरविलेला आढळला. ए-ए-टी-ए-टी हा त्यांपैकी एक. त्यात जी किंवा सी मुळीच नाही.

यावरून ए-टी अधिक म्हणजे गुंडाळलेला, निष्क्रिय भाग, असा सोपा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. परंतु येथेही अपवाद आहे. त्याच घट्ट भागात ए-ए-जी-ए-जी हाही शब्द असंख्य वेळा येतो. त्यातील पाच अक्षरांत दोन जी आहेत, म्हणजे ४० टक्के. माशीच्या सरासरीच्या अगदी जवळ. आणि चौथ्या गुणसूत्रावर ए-टी चा भरणा असूनही तेथील अनेक जनुके व्यवस्थित काम करतात. याचा अर्थ असा की बेसचे प्रमाण गुणसूत्राच्या रचनेकडे बोट दाखविते, पण ती एकट्याने ठरवीत नाही. शब्दांची पुनरावृत्ती, डीएनएला बिलगणारी प्रथिने आणि त्यांची गुंडाळण, हे सर्व मिळून गुणसूत्र घडते. एका कारणाने सारे घडत नाही, अनेक कारणे एकत्र येतात तेव्हाच कार्य घडते, हा बुद्धांच्या प्रतीत्यसमुत्पादाचा विचार वाचकांना येथे आठवल्यावाचून राहणार नाही.

चिलटांच्या गुणसूत्रांशी आपला काय संबंध, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर गोंदिया जिल्ह्यातील अनेक घरांत आहे. विदर्भात आढळणारा सिकलसेल हा आजार डीएनएतील एका अक्षराच्या बदलाने होतो. अकराव्या गुणसूत्रावरील रक्ताच्या जनुकात एका जागी ए ऐवजी टी येतो आणि त्यामुळे तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात. आई आणि वडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक अपत्याला हा आजार होण्याची शक्यता चारांत एक असते. केवळ वाहक असलेली व्यक्ती सर्वसाधारणपणे निरोगी जीवन जगते. हे साधे गणित ठाऊक नसल्यामुळे अनेक मुलांच्या वेदनेला दैव, करणी अथवा पूर्वजन्मीचे पाप म्हटले जाते, आणि वाहक असलेल्या मुलीचा निदानाचा कागद घरचे लोक लपवून ठेवतात. आम्ही पालकांना विनंती करतो की मुलामुलींची रक्ततपासणी विवाहापूर्वीच करून घ्यावी आणि निकाल लाजेने लपवू नये. वाहक असणे हा कलंक नव्हे. अक्षर बदलले म्हणून माणसाचे मोल बदलत नाही.

बिरसीच्या धावपट्टीवरून उडणारी विमाने आपली मुले वर मान करून पाहतात. ब्रिजेस यांचे जीवन त्यांना हातातील बाटलीकडेही तितक्याच उत्सुकतेने पाहण्यास शिकविते. आईबाप नसलेला, वयाच्या विसाव्या वर्षी शाळा संपविणारा मुलगा जगाला गुणसूत्रांचा नकाशा देऊ शकला, कारण तीन गोष्टी त्याच्या वाट्याला आल्या : सांभाळणारी आजी, मिळालेली शिष्यवृत्ती आणि हलके काम करणाऱ्या हातांतील बुद्धी ओळखणारा गुरू. निवासी शाळा चालवायची ती याचसाठी. कालामसुत्तात तथागतांनी सांगितले की परंपरा म्हणते किंवा ग्रंथ म्हणतो एवढ्यावरून काही मानू नये. स्वतः पारखून घ्यावे. ब्रिजेस यांनी एकाही अपवादात्मक माशीला न पारखता फेकले नाही. शाळेतून बाहेर पडलेल्या आणि आज शिकत असलेल्या प्रत्येक विद्यार्थ्याच्या ठायी ही वृत्ती रुजो, मागे पडलेल्या मुलाला आपणांपैकी कोणीही फेकून न देवो, अशी मंगलकामना करून आम्ही हे चरित्र आपल्या हाती देत आहोत.

नमो बुद्धाय. जय भीम.